प्रकल्प नोंदी: दहा बिटांची खोली

३ ऑगस्ट २०२५, बडोदा

नवरात्र २२ सप्टेंबरला बसतंय, म्हणजे हातात सात आठवडे. आमच्या गरबा ग्रुपसाठी आठ पॅडचा सॅम्पलर, म्हणजे पॅड मारलं की साठवलेला आवाज वाजवणारा डबा, घरीच बनवायचं ठरलं. टीन्सी ४.१ हा छोटा प्रोसेसर बोर्ड, त्यावर ऑडिओ शील्ड, पॅडखाली धक्का ओळखणाऱ्या पिएझो चकत्या, डबा जुन्या स्टॅबिलायझरचा. त्यात ढोलाच्या थापा, मंजिरा, टाळी, तबल्याचे काही बोल आणि ताईचा तानपुरा भरायचा.

कीबोर्डवाल्या मित्राची पहिल्या दिवसापासून एकच फर्माईश: "१२-बिट मोड टाक, जुन्या मशीनसारखा पंच येईल." त्याने व्हिडिओ बघितलेत. जुने सॅम्पलर: एसपी-१२०० (१९८७) १२-बिट, अकाईची एमपीसी६० (१९८८) १२-बिट, आणि त्यांचा आवाज "जाड" म्हणून अजून नावाजला जातो. मी म्हटलं, बिट, म्हणजे आवाजाचे आकडे किती बारीक लिहायचे ते, कमी केले की आवाज जाड कसा होईल? तो म्हणाला, "कर ने यार, कळेल." म्हणून या वहीत ढोलाइतकीच बिटांचीही नोंद ठेवतो आहे.

५ ऑगस्ट

आधी हिशोब. एका बिटाला साधारण ६ डेसिबल. पूर्ण जोराचा सूर आणि आकडे गोल करताना होणारी खरखर यांतलं अंतर ८ बिटांना ५० डेसिबल, १२ ला ७४, १६ ला ९८ आणि २४ ला १४६. हे कागदावरचं. आवाजाचे आकडे करणारे २४-बिटाचे चांगले कन्व्हर्टरसुद्धा प्रत्यक्षात १२० च्या आसपास थकतात, कारण रेझिस्टरची स्वतःची कुजबुज कोणाच्या बापाला थांबवता येत नाही.

मग १२-बिट मुळात आलं कुठून? मेमरी महाग होती म्हणून. एसपी-१२०० मध्ये सगळे आवाज मिळून सुमारे १० सेकंद, सॅम्पलिंग २६.०४ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे २६,०४० नमुने. गुणाकार केला: चार लाख बाइटसुद्धा होत नाहीत. माझ्या बोर्डाच्या पोटाशी ८ एमबीची चिप डकवली आहे. त्यात १६-बिट, ४४.१ किलोहर्ट्झ मोनो ९५ सेकंद मावतं. मला लागणार जेमतेम ६०. म्हणजे काटकसरीचं कारण संपलं. उरला फक्त आवाज.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

ताईकडे गेलो. राखी, नारळीभात, मग तानपुरा. ताई सूरसागरजवळच्या संगीत महाविद्यालयात शिकलेली. १८८६ साली सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी सुरू केलेलं तेच. तिचं म्हणणं, तुला मशीन तपासायचं असेल तर ढोल कशाला, तानपुरा घे. ढोल सगळं झाकतो, तानपुरा काहीच झाकत नाही.

पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकी लावली, भाचा बाहेर पाठवला. चार तारा, प्रत्येक तार पूर्ण विझेपर्यंत. खर्जाची तार विझायला किती वेळ घेते हे हेडफोन लावल्याशिवाय कळत नाही. जवारीचे वरचे स्वर आधी जातात, मग मधले, आणि शेवटी एक गोल, मऊ काहीतरी उरतं, ते ऐकू येतंय की आठवतंय ते सांगता येत नाही.

१० ऑगस्ट

ढोल रेकॉर्ड केला आणि वाया घालवला. ढोलीभाईंना म्हटलं, जोरात वाजवून दाखवा, लेव्हल लावतो. त्यांनी वाजवलं, मी लावली. तेवढ्यात शेजारची चार पोरं दारात येऊन उभी राहिली आणि भाईंचा हात सुटला. हींच (गरब्याचा ताल) सुरू झाली ती अशी, की सगळी टोकं सपाट. रेकॉर्डर २४-बिटचा होता, पण बिट वाढले की जमीन खोल जाते, छत वर जात नाही. छताला डोकं लागलं की लागलंच.

दुसऱ्या खेपेला लेव्हल १८ डेसिबलने खाली ठेवली. १८ म्हणजे तीन बिट. २४ मधून तीन गेले, २१ उरले, आणि त्यांतलेही खालचे रेकॉर्डरच्या स्वतःच्या सुस्काऱ्यात बुडालेले. म्हणजे काही गेलं नाही. रेकॉर्डिंगला २४ बिट हवेतच ते यासाठी: लेव्हल भीतभीत खाली ठेवता यावी म्हणून. एकदा घेऊन झालं, कापलं, वर उचलून सारखं केलं, की १६ मध्ये उतरवायला मला काहीच संकोच नाही.

रात्री खोलीची शांतता मोजली. ढोलाच्या सर्वांत जोरदार थापेच्या ६२ डेसिबल खाली आमच्या खोलीची घरघर बसलेली आहे: रस्ता, वरच्या मजल्यावरची मोटर, मी स्वतः. ६२ डेसिबल म्हणजे बरोबर दहा बिट. आमची खोली दहा बिटांची आहे. तिच्यात घेतलेला आवाज १२ मध्ये ठेवा नाहीतर २४ मध्ये, खोली तेवढीच राहणार.

१६ ऑगस्ट

बिट कापायचा कोड लिहिला. सर्वांत सोपा उपाय म्हणून नमुन्यातले खालचे बिट सरळ शून्य केले. ८-बिट करून पॅड मारलं: "टक्". ढोलाच्या आधी टक्, ढोल संपल्यावर टक्. अर्धा तास पिएझोवर संशय घेतला, तार बदलली, सोल्डर पुन्हा केलं. पिएझो बिचारा निर्दोष.

मग आकडे छापून बघितले. नमुना ० असेल तर ० राहतो. ५ असेल तरी ०. पण उणे १ असेल तर उणे २५६ होतो, कारण ८-बिटाची एक पायरी २५६ ची. खालचे बिट उडवणं म्हणजे प्रत्येक आकडा खालच्या पायरीवर ढकलणं. वरच्या पायरीवर कोणीच जात नाही. त्यामुळे सगळी लहर सरासरी अर्धी पायरी खाली बसते, आणि पॅड सुरू होताना आणि थांबताना ती अर्धी पायरी "टक्" म्हणून ऐकू येते. भर म्हणजे विझत चाललेला आवाज शून्याच्या आसपास थरथरतो तेव्हा ० आणि उणे २५६ यांच्यात उड्या मारतो. तानपुऱ्याचं शेपूट माशी अडकल्यासारखं बझ्झ करतं. मला वाटत होतं हाच "८-बिट आवाज". तो माझा आळस होता.

दुरुस्ती म्हणून कापण्याआधी अर्धी पायरी, म्हणजे १२८, मिळवली. टक् गेली. खूश होऊन ढोलाची सर्वांत मोठी थाप लावली आणि हेडफोनमध्ये फटाका फुटला. ३२,७६७ मध्ये १२८ मिळवले की १६ बिटांच्या घरात बेरीज फिरून थेट उणे टोकाला जाते. स्पीकरवरही लावून बघितलं (का, ते विचारू नका). आई आतून म्हणाली, "फ्यूज उडाला का रे?" आता बेरीज मोठ्या घरात करतो आणि टोकाला अडवतो.

१७ ऑगस्ट

आता गोल करणं बरोबर आहे, तर नवीनच गोष्ट. ८-बिटात तानपुऱ्याची तार विझत विझत जाते आणि मध्येच, दिवा घालवल्यासारखी, बंद. अर्ध्या पायरीच्या खाली गेलेलं सगळं शून्य. त्याआधीचा सेकंदभर आवाज चौकोनी होतो आणि जवारीशी काही नातं नसलेले स्वर काढतो. ही खरखर नुसती खरखर नसते, ती सुराला चिकटून येते, म्हणून कानाला बोचते.

यावर उपाय डिदर. गोल करण्याआधी दोन यादृच्छिक आकड्यांची बेरीज मिसळायची, अधिक-उणे एक पायरीपर्यंत. मुद्दाम घाण कालवायची. पण ऐकल्यावर विश्वास बसेना: तार शेवटपर्यंत विझते, पायरीच्याही खाली जाते, फक्त सोबत एकसारखी सरसर चालू राहते. मी हेडफोन काढून खिडकीशी गेलो, पाऊस लागला की काय बघायला. पाऊस नव्हता. ८-बिट होते.

इथे दहा तारखेच्या नोंदीतली खोली कामाला आली. १२-बिटाची एक पायरी पूर्ण पट्टीच्या ६६ डेसिबल खाली आणि खोलीची घरघर ६२ खाली, म्हणजे पायरीपेक्षा मोठी. खोली स्वतःच डिदर कालवते आहे, फुकट. म्हणून माझ्या ढोलाला १२-बिट करताना काही मिसळावं लागत नाही आणि फरकही पडत नाही. ८-बिटाची पायरी मात्र ४२ वर. तिथे खोली पुरत नाही.

२१ ऑगस्ट

पॅडखाली फोम चिकटवला. बाकी काही नाही.

२४ ऑगस्ट

काका आले होते. आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं, एक्स्चेंजमध्ये. मी ८-बिटाच्या नावाने बोटं मोडत होतो ते त्यांना लागलं. म्हणाले, "आमच्याकडे आठच बिट होते आणि त्यावर सगळं बडोदं भांडायचं. कोणाचा आवाज तुटला नाही."

त्यांचं खरं होतं, फक्त त्यांचे आठ बिट वेगळे. टेलिफोनच्या ए-लॉ पद्धतीत पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. शांत आवाजाशी बारीक पायऱ्या, मोठ्या आवाजाशी मोठ्या. काकांनी पाकिटामागे काढून दाखवलं: तळाशी जिना अगदी दाट, वर जाता जाता एकेक पायरी माणसाएवढी. "ओरडणाऱ्याला कोण बघतो रे, पुटपुटणारा ऐकू आला पाहिजे." तळाशी त्याची बारकाई साधारण १३ बिटांची पडते, आणि जागा मात्र आठचीच लागते. किंमत एवढीच, की मोठ्या आवाजात खरखर ३८ डेसिबलवरच अडकते. पण मोठा आवाज तिला बराचसा झाकतो.

रात्री ए-लॉचं कोष्टक कोडात घातलं. तानपुरा शेपटापर्यंत नीट विझला. मधल्या भागात हलकी धूळ, पण बझ्झ नाही, दिवा घालवल्यासारखा थांबत नाही. साध्या ८-बिटापेक्षा कितीतरी सुसह्य. १९८४ च्या इम्युलेटर २ या सॅम्पलरने असंच काहीतरी केलं होतं, आठ बिटांत दाबून साठवणं. आणि एमपीसी६० सुद्धा १६ बिटांत घेऊन १२ बिटांत असंच वाकडं साठवायची. म्हणजे डब्यावर नुसते "८" किंवा "१२" लिहिलेले असले की अर्धीच माहिती मिळते. जिना कसा बांधला ते कोणी लिहीत नाही.

काकांनी जाता जाता पॅड ८ साठी जुन्या एक्स्चेंजची डायल टोन सुचवली. विचाराधीन.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. डबा बंद.

३१ ऑगस्ट

हळू थापेचं कोडं. १२-बिट मोडमध्ये जोरात मारलं की ढोल ठीक, बोटाने टिचकी मारली की कोंडा. दोन्हीकडे नमुना तोच, तर हळू वाजवल्यावरच का खराब?

कारण क्रम. मी बिट कापत होतो सर्वांत शेवटी, आवाज कमी केल्यानंतर. टिचकीला नमुना ६४ ने भागला जातो; ६४ म्हणजे सहा बिट. मग त्या खंगलेल्या लहरीला मी १२ बिटांत बसवत होतो, म्हणजे तिच्या वाट्याला सहाच. नमुना आधी १२ बिटांत साठवून मग आवाज कमी केला, की खरखरही सोबत तेवढीच खाली जाते आणि दोघांतलं अंतर ७४ च राहतं. जुन्या इम्युलेटरसारख्या यंत्रांत आकड्यांतून आवाज बाहेर पडल्यानंतर ॲनालॉग बाजूला फिल्टर आणि आवाजाचं नियंत्रण असायचं. हळू स्वर सगळे बिट घेऊन बाहेर यायचा आणि मग मंद व्हायचा. आठ बिटांत त्यांची इभ्रत राहिली ती काही अंशी त्यामुळे.

त्यावरून आतली बेरीज तपासली. आठ पॅड एकदम वाजले तर बेरजेला तीन बिट जास्त लागतात. टीन्सीच्या ऑडिओ लायब्ररीत आवाज १६ बिटांच्या तुकड्यांतून फिरतो, मिक्सर टोकाला अडवतो. टोक टाळायला प्रत्येक पॅड आठवा हिस्सा केला तर तीन बिट गेले, नाही केला तर जोराच्या थापा सपाट. आठही आवाजांची बेरीज आता स्वतःच ३२-बिट फ्लोटमध्ये (दशांशाचे आकडे, टोक लागत नाही) करतो, शेवटी एकदाच १६ वर उतरवतो, डिदर घालून. प्रोसेसरला जाणवतही नाही. या सगळ्या उद्योगात बिटांनी खरोखर कुठे फरक पाडला असेल तर तो इथे, आणि ही जागा कोणत्याच डब्याच्या खोक्यावर छापलेली नसते.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, आज आंधळी परीक्षा. ढोलीभाई, कीबोर्डवाला, ताई. एकेकाला हेडफोन, दहा जोड्या, कोणती कुठली ते कोड ठरवतो, मलाही दिसत नाही. पहिली फेरी फुकट गेली: एक आवृत्ती अर्ध्या डेसिबलने मोठी निघाली आणि सगळ्यांना तीच "जास्त चांगली" वाटली. सारखं करून पुन्हा.

ढोल, १६ विरुद्ध १२: भाई पाच बरोबर, कीबोर्डवाला सहा, ताई चार. म्हणजे नाणं उडवा. कीबोर्डवाला मात्र प्रत्येक वेळी छातीठोक, "हा तर १२, पंच बघ ने", आणि त्यातले चार १६ निघाले.

ढोल, १६ विरुद्ध साधे ८: तिघेही बहुतेक बरोबर, पण थापेवरून नाही, थाप विझतानाच्या घुमाऱ्यावरून. भाईंनी थापेकडे लक्षच दिलं नाही. म्हणाले, "थाप तो कोई पण वगाडे." तानपुऱ्यावर ताई दहापैकी दहा, आणि प्रत्येक वेळी पहिल्या तीन सेकंदांत. मी तिला १२ चा तानपुरा दिला, फेड करून, म्हणजे आवाज हळूहळू उतरवून, शेपूट निमुळतं केलेला, तर त्यातही शेवटी ती अडखळली, "इथे काहीतरी कोरडं होतंय." बघितलं तर खरंच: फेडबरोबर खोलीची घरघरही निमुळती होते आणि फुकटचा डिदर संपतो. फेडनंतर डिदर घातल्यावर गप्प बसली.

९ सप्टेंबर

कीबोर्डवाल्याचं समाधान नाही. "पण तो जुना आवाज आहे ना, तो काय मग?" प्रश्न रास्त आहे. आवाज खरा आहे, नाव चुकीचं आहे.

जुन्या लोकांची युक्ती अशी: मेमरी वाचवायला ३३⅓ ची तबकडी ४५ वर फिरवून घ्यायची आणि मशीनमध्ये खाली उतरवायची. ४५ भागिले ३३⅓ म्हणजे १.३५ पट, म्हणजे पाच अर्धस्वरांहून थोडं जास्त. आणि एसपी-१२०० स्वर खाली उतरवताना मधले नमुने जुळवून काढत नव्हती, जवळचा नमुना उचलायची. मी तेच केलं. ढोल आणि मंजिरा १.३५ पट वेगाने, २६.०४ किलोहर्ट्झला, जवळचा नमुना उचलत पुन्हा खाली. बाहेर पडताना फिल्टर नाही. त्या मशीनच्या आठ आउटपुटपैकी ७ आणि ८ वरही नव्हता. बिट मात्र सगळे १६.

ढोलाच्या कडेला पत्र्याची किनार आली, मंजिरा तर वेगळंच वाद्य झाला. मूळ आवाजातलं साधारण ९.६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गेलेलं आणि त्याच्या जागी खालच्या स्वरांची उलटी प्रतिबिंबं. कीबोर्डवाला खुर्चीतून उठला: "बस, आ ज जोईए!" मग मी त्याच पॅडवर १२-बिट लावलं, काढलं, लावलं, काढलं. त्याला कळलं नाही. चहा होईपर्यंत तो काही बोलला नाही, मग म्हणाला, "तो पण १२ लखी दे ने उपर, सारुं लागे."

१४ सप्टेंबर

बिटांचा नॉब काढून टाकला. त्या भोकात आता दुसरा नॉब: डावीकडे ४४.१ आणि नीट जुळवलेले नमुने, उजवीकडे २६.०४ आणि जवळचा नमुना. वर मार्करने "जुनं" असं लिहिलं. "१२" लिहिलेलं नाही, यावरून वाद चालू आहे. पॅड ७ वर ताईचा तानपुरा, पूर्ण १६, जुनं त्याला लागू नाही. तशी तिची अट होती.

१९ सप्टेंबर

मैदानावर साउंड चेक. डबा मिक्सरला लावला आणि ५० हर्ट्झची घूं. पॉवर एका फेजवरून, मिक्सर जनरेटरवर, दोन्हीकडून अर्थ. महिनाभर मी ज्या खरखरीच्या मागे होतो तिच्यापेक्षा ही घूं कितीतरी मोठी, मोजायची गरजच पडली नाही. डबा आणि मिक्सर यांच्यामधल्या डीआय बॉक्सवरचं अर्थ तोडायचं बटण दाबलं, गेली. तानपुरा लावून बघितला. मैदान रिकामं होतं, तरी जनरेटरपुढे दुसऱ्या सेकंदानंतर काही ऐकू येईना. घूं परत येईल या भीतीने दुसरा डीआय बॉक्सही मागवून ठेवला आहे.

२२ सप्टेंबर

पहिली रात्र. डबा तापला नाही. पॅड ५ एका थापेला दोनदा वाजतंय. गर्दी नाचायला लागली की स्टँड हलतो आणि शेजारच्या पॅडचा धक्का तिकडे पोचतो. भाईंनी ते हेरून त्याचीच दुगुण करून टाकली. उद्या दुपारी फोम जाड करायचा आणि पॅड ५ च्या धक्क्याची मर्यादा वाढवायची.